दीड दिवसाचा डॉक्टर

मेरापी ज्वालामुखीच्या उतारावरच्या आमच्या करांगलो वाडीत दूध तपासायचं काम गेली बावीस वर्षं मी करते. सकाळी साडेपाचला आणि दुपारी तीनला सगळी वाडी कॅन घेऊन माझ्यापुढे रांगेत उभी राहते. दुधात पाणी किती घातलंय ते माझी काचेची नळी सांगते. माणसात हवा किती भरलीय ते कळायला मात्र मला नळी लागत नाही. पाक जुमाकिर, म्हणजे तुमच्याकडचे जुमाकिरराव, वळणावर दिसले तरी पुरतं.

ते येतात मोकळ्या हातांनी. त्यांच्या मागून दोन्ही हातांत दोन कॅन घेऊन त्यांची बायको पाइनेम येते. कॅन माझ्या ओट्यावर ठेवायचे, झाकण उघडायचं, नळी बुडवताना बाजूला व्हायचं, हे सगळं ती करते. पाक जुमाकिर तेवढ्या वेळात रांगेतल्या लोकांना गायीबद्दल चार गोष्टी सांगून घेतात. डोक्यावर हिरवी टोपी. ती नमाजाच्या वेळी तेवढी उतरते, आणि तीसुद्धा दुसरी घालायची असते म्हणून.

ही टोपी पाच वर्षांपूर्वीची. तालुक्याच्या सहकारी संस्थेने तेव्हा तीन दिवसांचं प्रशिक्षण ठेवलं होतं, प्रत्येक वाडीतून दोन माणसं. आमच्याकडून पाक जुमाकिर गेले आणि त्यांचा शेजारी तुगिनो गेला. पहिला दिवस ओळखीत आणि भाषणांत गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं की, व्यायल्याबरोबर गायीच्या अंगातलं कॅल्शियम भराभर दुधात उतरतं, ते कमी पडलं की गाय थंड पडते, बसते ती उठत नाही आणि वेळेवर औषध मिळालं नाही तर मरते. पाक जुमाकिरांनी वहीत मोठ्या अक्षरात ‘कॅल्शियम’ लिहून घेतलं. मग जेवण झालं. जेवणाला बकऱ्याचा रस्सा होता. दुपारच्या वर्गात, गाभण गायीला काय द्यायचं आणि काय द्यायचं नाही, हे सांगणार होते.

“मी खिडकीबाहेर बघत होतो, खोटं कशाला बोलू,” तुगिनोने मला नंतर सांगितलं. “पण हे घोरत होते, यू. बाईंनी आवाज चढवला तर ह्यांनीही चढवला.” यू म्हणजे ताई, आमच्याकडे बाईमाणसाला अशीच हाक मारतात.

तिसऱ्या दिवशी फोटो, टोपी आणि प्रमाणपत्र. म्हणजे शिक्षण झालं दीड दिवसाचं. प्रमाणपत्र पाक जुमाकिरांनी काचेत बसवून गोठ्यात लावलंय, माश्यांनी ते निम्मं झाकून टाकलंय. त्यावर ‘सहभाग घेतला’ एवढंच लिहिलेलं आहे. सहभाग कसा घेतला ते संस्थेने मोठ्या मनाने लिहिलेलं नाही.

परत आल्या आल्या त्यांनी आपलं औषध बनवलं. विड्याचा चुना, अंडा-शेवयांच्या गाडीवरून गोळा केलेली अंड्यांची टरफलं कुटून, सुक्या मासळीची डोकी आणि वर शेवग्याचा पाला. हे सगळं एका टवके उडालेल्या पांढऱ्या वाडग्यात कालवायचं आणि गाभण गायीला शेवटचे दोन महिने रोज संध्याकाळी द्यायचं. नंतर कमी पडायला नको म्हणून आधीच भरून ठेवायचं. ऐकायला किती बरोबर वाटतं! मलाही वाटलं होतं.

“दूध कसलं असतं? पांढरं,” ते रांगेत विचारायचे. “हाडं कसली? पांढरी. चुना कसला? आता अजून काय पुरावा पाहिजे तुम्हाला?”

कुणालाच पुरावा नको होता. वाडीतल्या सगळ्या गाभण गायी चुना खायला लागल्या. लोक त्यांना डॉक्टर म्हणायला लागले. सुरुवातीला चेष्टेत म्हणत होते, मग सवयीने म्हणू लागले, आणि सवय लागली की चेष्टा कुठे संपली ते कुणी बघत नाही.

त्याआधी आमच्याकडे वर्षा-दोन वर्षांत एखादी गाय अशी बसायची. वाडगा सुरू झाल्यावर दुसऱ्याच वर्षी चार बसल्या. डॉक्टरांकडे प्रत्येकीचं कारण तयार होतं. एकीला चुना चुकीच्या दुकानातला होता. एकीच्या मालकिणीने कालवताना मनात राग धरला होता. एक आमच्या पाच दिवसांच्या आठवड्यातल्या पाहिंगच्या वारी जन्मलेली आणि वागेच्या वारी व्यायली, आता दोन वारांचं पटत नाही त्याला डॉक्टर काय करणार? कारणं चार, उपाय मात्र एकच. चुना वाढवा.

गुरांच्या सरकारी वैद्याला आमच्याकडे मंत्री म्हणतात. खुर्ची-बिर्ची काही नसते. एक जुनी मोटरसायकल आणि मागे औषधांची पेटी, एवढंच ते मंत्रिपद. आमच्या भागाला तीन वर्षांपूर्वी रेत्नानी नावाची मुलगी मंत्री म्हणून आली. मुलगी म्हणजे तिशीची बाई, पण चणीने बारीक, आवाजाने हळू, म्हणून सगळे मुलगीच म्हणायचे. चार गायी बसल्या त्या वर्षी तिने दूध केंद्राच्या अंगणात सगळ्यांना बोलावलं.

“रागावू नका पाक,” ती डॉक्टरांकडे बघून म्हणाली, “पण गाय आटवल्यावर, दूध पिळणं थांबलं की, तुमचा हा वाडगा बंद करा. गायीच्या हाडांत चुन्याची कोठीच भरलेली असते. व्यायल्यावर एकदम लागतो तेव्हा अंगाने ती कोठी उघडायची असते. तुम्ही दोन महिने रोज आयतं ताट वाढलंत तर अंग कोठी उघडायचं विसरतं. मग व्यायल्यावर मागणी चौपट, आणि कोठीचं कुलूप गंजलेलं. व्यायल्यावर द्या हवा तेवढा. आधी नको.”

इतकं सोपं करून मला आजवर कुणी काही सांगितलेलं नाही. तुगिनोने मान हलवली. आणखी दोघांनी हलवली. डॉक्टरांनी टोपी नीट केली.

“पोरी, बाळंतपणातलं तू मला शिकवणार?” ते म्हणाले. “तू स्वतः किती वेळा व्यायलीस?”

रेत्नानीच्या लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं, हे सगळ्या वाडीला ठाऊक होतं. आधी मागून कुणीतरी एक फिस्स केलं, मग सगळे हसले. मीसुद्धा हसले. रेत्नानीने वही मिटली, पेटीला पट्टा बांधला आणि पुढच्या वाडीला निघून गेली. त्यानंतर ती आजारी गुरासाठी बोलावलं की यायची, काम करायची, जायची. सभा तिने परत घेतली नाही. वाडगा मात्र चालू राहिला, उलट त्यावर एक चमचा वाढला.

पुढच्या वर्षी तुगिनोची गाय व्यायली आणि दुसऱ्या दिवशी बसली. डॉक्टर धावत गेले, चुन्याची निवळी केली आणि बांबूच्या नळकांड्याने तिच्या घशात ओतली. गाय खोकली, नाकातून पांढरं पाणी आलं. रेत्नानी पोचली तेव्हा तिने पहिला प्रश्न विचारला तो हा: “तोंडात काही ओतलंत का?” मग तिने गायीच्या बरगड्यांना कानातली नळी लावली आणि उठून उभी राहिली.

“हिला गिळता येत नव्हतं, काका,” ती तुगिनोला म्हणाली. “ओतलेलं फुप्फुसात गेलंय. माझ्याकडे याच्यावर काही नाही.”

गाय संध्याकाळच्या आत गेली. डॉक्टर म्हणाले, मला उशिरा बोलावलंत. तुगिनोने तेही ऐकून घेतलं. पाइनेम कुंपणापाशी गवताचा भारा डोक्यावर घेऊन उभी होती. तिने दोघांचंही ऐकलं आणि घरी गेली.

आता पाइनेमची गाय. हो, पाइनेमचीच, पाक जुमाकिर ‘माझी लेस्तारी’ म्हणतात तो भाग वेगळा. पाइनेमची आई वारली तेव्हा भावांनी जमीन घेतली, घर घेतलं, आणि गोठ्यातलं सगळ्यात मरतुकडं वासरू हिच्या पदरात टाकलं. ते तिने बोटाने दूध चाटवून जगवलं. मेरापीच्या उतारावरून दिवसातून दोनदा हत्तीगवताचा भारा आणते ती या गायीसाठी. वाडीत लेस्तारीएवढं दूध कुणाची गाय देत नाही. पाइनेम नवऱ्याशी दिवसभरात दहा वाक्यं बोलत असेल, गायीशी शंभर. मी एकदा विचारलं तर म्हणाली, “ती ऐकते गं.”

गेल्या ईदेला लेस्तारी पाचव्यांदा व्यायला आली होती. ज्यांना गुरांचं कळतं ते सांगतील, भरपूर दूध आणि पाचवं वेत म्हणजे बसायचा धोका सगळ्यात जास्त. त्यात दोन महिने वाडगा. पाइनेमने एकदा गायीला न चारताच वाडगा ओतून, नुसताच खळबळून परत आणला होता, तेव्हापासून डॉक्टर स्वतः उभे राहून चाटवत होते.

ईदेच्या आठव्या दिवशी आमच्याकडे गायींची ईद असते. गायींना न्हाऊ घालायचं, अंगाला अत्तर लावायचं, नारळाच्या पातीत विणून शिजवलेल्या भाताच्या पुड्या, म्हणजे कुपात, गळ्यात बांधायचे आणि वाडीच्या रस्त्यावरून सगळ्यांनी मिळून मिरवायचं. ईदेच्या पहिल्या दिवशी मशिदीच्या अंगणात सगळे एकमेकांची माफी मागत होते, तेव्हा पाक जुमाकिरांनी चहाचा पेला हातात घेऊन जाहीर केलं.

“लेस्तारी सातव्याला व्यायणार आणि आठव्याला मिरवणुकीच्या पुढे चालणार. पाय लटपटला तर टोपी उतरवून तुमच्या हातात देईन. चुन्याची ताकद काय असते ती बघाच.”

“ओली बाळंतीण रस्त्यावर फिरवणार?” आमचे म्हातारे मोदिन म्हणाले. मशिदीचे सगळे विधी तेच बघतात.

“म्हणूनच तर!” डॉक्टर म्हणाले.

आणि लेस्तारीने निम्मा शब्द पाळला. सातव्या दिवशी दुपारी ती व्यायली. कालवड झाली, चांदी कपाळाची. पाक जुमाकिरांचे पाय जमिनीला लागेनात. नवं वासरू आलं म्हणून शेजारपाजारला जेवण घालायची आमची रीत आहे. भात, उकडलेली अंडी आणि पहिल्या चिकाचा खरवस. रीत छोटी, पण डॉक्टरांनी पंधरा घरं बोलावली. पंधरा घरांना खरवस म्हणजे चीक किती लागणार? ते स्वतः पिळायला बसले.

“थोडा राहू द्या कासेत,” पाइनेम म्हणाली. “वासराला पाजलंय, तेवढं पुरे. आज सगळी रिकामी करू नका.”

“ठेवून काय लोणचं घालायचंय?”

शेवटच्या थेंबापर्यंत पिळली. अंगात होतं नव्हतं ते कॅल्शियम त्या बादलीत गेलं आणि कास परत भरायला अंग आणखी उपसायला लागलं. मला तेव्हा हे माहीत नव्हतं. मी वाडगाभर खरवस खाल्ला आणि चांगला झालाय असं सांगितलं.

आठव्या दिवशी सकाळी आठ वाजता मिरवणूक डॉक्टरांच्या दारापुढे थांबली. साठेक गायी, त्यांच्या गळ्यात कुपात, पुढे मोदिन, मागे पोरंटोरं. लेस्तारीला बाहेर आणलं. अंगाला मोगऱ्याचं अत्तर, शिंगांना तेल. ती तीन पावलं चालली. मागचे पाय असे आडवेतिडवे पडायला लागले, जसे पहिल्यांदा उंच टाचा घातलेल्या नवरीचे पडतात. मग ती दारातच बसली आणि मान वळवून तोंड स्वतःच्या कुशीला लावलं.

पाक जुमाकिरांचा हात टोपीकडे गेला. क्षणभर मला वाटलं, हा माणूस आता टोपी उतरवणार. पण त्यांनी ती घट्ट केली.

“बघा!” ते ओरडले. “बघा, सुंकेम करतेय!”

सुंकेम म्हणजे ईदेला धाकट्याने थोरापुढे गुडघे टेकायचे, मान खाली घालायची आणि वर्षभराच्या चुकांची माफी मागायची. गायीचे गुडघे टेकलेले होते, मान खाली होती.

“माणसांना अक्कल नाही पण जनावराला आहे,” डॉक्टर सांगत होते. “मालकाची माफी मागतेय! असं बघितलंय कधी?”

आणि लोक बघायला लागले! दोन म्हाताऱ्यांनी अल्लाचं नाव घेतलं. फोन निघाले, फोटो निघाले. एक बाई आपल्या नातवाला म्हणाली, “बघ, गाय पण माफी मागते, आणि तू?” मी कपाळावर हात मारून घेतला.

पाइनेम मात्र गायीजवळ गेली, तिने कान हातात धरला.

“यू, इकडे ये,” ती मला म्हणाली. “हात लाव.”

कान थंडगार होता. नाक कोरडं. डोळे उघडे होते पण त्यांत कुणी नव्हतं.

“तुझ्याकडे बू मंत्रींचा, त्या वैद्यबाईंचा, नंबर आहे ना?”

होता. दूध केंद्रावर लावलेला असतो. पण त्या सभेनंतर मी तिला स्वतः कधी फोन केला नव्हता, आणि त्या दिवशी बटण दाबण्याआधी मी नंबर दोनदा वाचून घेतला. ती ईदेसाठी आईवडिलांकडे खाली क्लातेनला गेली होती.

“दूध केंद्रावरची रुमियाती बोलतेय,” मी म्हणाले.

मग तिने विचारलं, “कुणाची गाय?”

“पाइनेमची.” खोटं नव्हतं ते.

“व्यायली कधी? मान कुशीला लावलीय? कान?” मी सांगत गेले. “आडवी पडू देऊ नका, पोत्यांचा टेकू देऊन बसती ठेवा. ऊन नको. आणि यू, तोंडात काही म्हणजे काही ओतू द्यायचं नाही. मी निघाले, पण रस्त्याला ईदेची गर्दी आहे. तास तरी लागेल.”

आम्ही चौघीजणींनी गायीच्या एका बाजूला गवताची पोती रचली. दुसऱ्या बाजूला पाइनेम स्वतः पाठ लावून बसली, पाय भिंतीला रेटून. बाहेर मोदिनांनी विचारलं, “जुमाकिर, माफी मागून झाली असेल तर उठेल का ती? बाकीच्या गायी उन्हात आहेत.” थोड्या वेळाने मिरवणूक पुढे गेली. निम्मी माणसं मागे राहिली. त्यांना गायीपेक्षा टोपीचं काय होतं ते बघायचं होतं.

अर्ध्या तासाने लेस्तारीची मान सैल पडली. श्वास असा येत होता की मध्येच आम्ही सगळ्या श्वास धरून वाट बघायचो. पाइनेम तिच्या कानात काहीतरी बोलत होती, तेच तेच. तेवढ्यात पाक जुमाकिर आत आले. एका हातात पांढरा वाडगा, दुसऱ्यात बांबूचं नळकांडं.

“सरका,” ते म्हणाले. “डोस कमी पडलाय.”

“तुगिनोच्या गायीला हेच पाजलं होतं,” पाइनेम म्हणाली.

“ती वेगळी गाय होती. हिचं तोंड वर धर.”

“नाही धरणार.”

“पाइनेम, लोक बघतायत.”

“बघू देत. ही माझ्या आईची गाय आहे. तिच्या तोंडाजवळ ते नळकांडं आणलंत तर आधी माझ्या घशात घालावं लागेल.”

तीस वर्षांच्या संसारात तिने असं काही बोललेलं कुणी ऐकलं नव्हतं. तिचा आवाजही चढला नव्हता. डॉक्टर नळकांडं घेऊन तसेच उभे राहिले. ओतायला पुढे जावं तर पाइनेम, मागे जावं तर दारात माणसं. शेवटी ते प्रमाणपत्राखाली उकिडवे बसले.

रेत्नानी आली ती ईदेच्या नव्या कपड्यांत, चिखलाने भरलेली. रस्ता सोडून ती शेतांमधून आली होती. आल्या आल्या तिने पेटी उघडली. बाटली गरम पाण्यात धरली, गायीच्या मानेतली शीर शोधली, सुई लावली. एका हाताने बाटली धरली आणि दुसऱ्याने गायीच्या छातीला नळी लावून ऐकत राहिली. औषध थेंब थेंब उतरत होतं.

“लवकर सोडा की,” डॉक्टर खालून म्हणाले. सवय जात नाही.

“घाई केली तर हृदय थांबतं,” ती म्हणाली. बाटलीवरची नजर तिने काढली नाही.

वीस मिनिटं. मग लेस्तारीच्या खांद्याची कातडी थरथरली. कोरड्या नाकावर घामाचे बारीक थेंब आले. तिने एक मोठी ढेकर दिली, आणि त्या ढेकरेचा मला जो आनंद झाला तो माझ्या मुलाच्या लग्नातही झाला नव्हता. मग शेण टाकलं. पाइनेम हसत होती आणि रडतही होती. गायीने पुढचे पाय रोवले, मागचा भाग उचलला, एकदा घसरली आणि उभी राहिली. गळ्यातले कुपात तसेच लोंबत होते.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. आणि मग पाक जुमाकिर उठले. खाली ठेवलेली रिकामी बाटली त्यांनी उचलली, डोळ्यांजवळ धरली आणि दाराकडे वळले.

“वाचा!” ते म्हणाले. “काय लिहिलंय वाचा! कॅल्शियम! इतकी वर्षं मी दुसरं काय सांगतोय?”

लोकांनी वाचलं. खरंच कॅल्शियम लिहिलेलं होतं. माना हलायला लागल्या. डॉक्टरच बरोबर होते की, कुणीतरी म्हणालं. तुगिनोसुद्धा मान हलवत होता, त्याची गाय मेलेली असूनसुद्धा. रेत्नानी सुई पुसत होती. तिने तोंड उघडलं, दारातल्या सगळ्या चेहऱ्यांकडे पाहिलं आणि परत मिटलं. ते चेहरे तिने एकदा पाहिलेले होते.

तेव्हा पाइनेम उठली. लुगड्याला शेण, केसांत गवत. ती सरळ रेत्नानीपुढे गेली, गुडघ्यांवर बसली आणि तिच्या गुडघ्यांवर कपाळ टेकलं. छप्पन वर्षांची बाई तिशीच्या पोरीपुढे. आमच्याकडे असं कुणी करत नाही. धाकटा थोरापुढे वाकतो, बायको नवऱ्यापुढे वाकते, उलटं होत नाही.

“बू, आमची चूक झाली,” ती म्हणाली. “बाईमाणसाला बोलू नये ते बोललो. माफ करा.”

“उठा, यू, उठा, काय करताय,” रेत्नानी घाबरून तिला उचलायला लागली.

“अगं, ती लहान आहे!” पाक जुमाकिर ओरडले. “शोभतं का हे?”

“तुमच्या वाटचं पण करून टाकलं,” पाइनेम न वळता म्हणाली. “तुमचे गुडघे वाकत नाहीत.”

त्यानंतर दारातली माणसं एकेक करून पांगली. मीही त्या सभेत हसले होते, आणि रेत्नानी चार पावलांवर हात धूत होती. मला तिच्यापाशी जाता आलं असतं. माझेही गुडघे दुखतात असं मी मनाशी म्हटलं आणि दूध केंद्र उघडायला गेले.

पांढरा वाडगा पाइनेमने कोंबड्यांपुढे ठेवला. राहिलेला चुना आणि टरफलं कोंबड्यांनी संपवली, त्यांच्या अंड्यांची कवचं चांगली टणक निघतात. लेस्तारी यंदा पुन्हा व्यायली. दोन महिने चुना बंद, शेवग्याचा पाला बंद, व्यायल्यावर पहिला दिवस कास अर्धीच पिळली आणि रेत्नानी येऊन औषध देऊन गेली. गाय एकदाही बसली नाही.

आता ऐका. गेल्या आठवड्यात सकाळच्या रांगेत पाक जुमाकिर आले, मोकळ्या हातांनी, डोक्यावर टोपी.

“गाभण गायीला चुना द्यायचा नसतो,” ते लोकांना सांगत होते. “अंग कोठी उघडायचं विसरतं. मी तर कधीपासून सांगतोय. प्रशिक्षणात शिकवलेलं आहे हे.”

लोक माना हलवत होते. मी नळी दुधात बुडवली आणि पाइनेमकडे पाहिलं. ती कॅनचं झाकण धरून उभी होती.

“खरं आहे, यू,” ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. “शिकवलं होतं. हे वर्गात झोपले होते. ह्यांना उठवायला गायींना पडावं लागलं.”

सगळी रांग खदखदून हसली. पाक जुमाकिरसुद्धा हसल्यासारखं करून टोपी चाचपू लागले. रांगेत शेवटी तुगिनो उभा होता, दुसऱ्याचा कॅन घेऊन, कारण त्याच्या स्वतःच्या गोठ्यात आता गाय नाही. एकटा तोच हसला नाही.